बाईंची ऑडिशन

बाईंचा आवाज मला आवडत नव्हता असं म्हणालो तर ते धादांत खोटं होईल. आवाज आवडायचा. बाई आवडायच्या नाहीत. एकोणतीस वर्षं रेडिओच्या स्टुडिओत मी काचेच्या या बाजूला ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापाशी बसलो आणि बाई पलीकडे माइकसमोर, आणि आमचं निम्मं बोलणं हातांनीच झालं. मी एक बोट वर केलं की एक मिनिट उरलं, मूठ आवळली की आता गुंडाळा. त्या मुठीकडे बघायच्या आणि आणखी तीन वाक्यं बोलायच्या. थांबायच्या मात्र बरोबर ठरलेल्या सेकंदाला, त्यामुळे मला तक्रार करायचीही सोय नव्हती.

रेडिओ केंद्रात बायका आणखीही होत्या, पण त्यांना नावं होती. या नुसत्या 'बाई'. सकाळी सव्वासहाला त्यांचा आवाज सुरू झाला की अर्धं शहर दात घासत असायचं. माझी सासू त्यांच्या आवाजावर घड्याळ लावायची आणि घड्याळ पुढे निघालं तर घड्याळालाच शिव्या द्यायची.

बाईंची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. दुसऱ्या केंद्राचा लांबलचक कार्यक्रम आमच्याकडून पुढे जात असला की आम्हा दोघांना अर्धा अर्धा तास काम नसायचं. तेव्हा त्या चहाचा कप काचेला टेकवून बोलायला लागायच्या. मला ऐकायचंय का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

वडील वाद्यं दुरुस्त करायचे. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. पोट उघडून ठेवलेल्या पेट्या, तारा काढलेली व्हायोलिनं, आणि जेवणाच्या ताटापर्यंत येणारा सरसाचा वास. पेटीतल्या पितळी पट्ट्या कानसेनं हलकेच घासून सुरात आणायच्या असतात. कानस एकदा जास्त फिरली की पट्टी वाया. बाई नऊ वर्षांच्या असताना हे काम वडिलांपेक्षा बरं करायच्या, कारण वडिलांचा उजवा कान गेला होता. गाणं मात्र वडिलांनी थोरल्या भावाला शिकवलं. दादाला गाणं आणि हिला कानस, अशी वाटणी झाली. ही पट्ट्या घासता घासता भिंतीपलीकडचं सगळं उचलत गेली.

पुढे दादा कार्यक्रम करायला लागला. बाई त्याच्यामागे पेटी घेऊन बसायच्या. दादाचा दम लहान होता. त्याला श्वास घ्यावा लागे, आणि तो घ्यायचा तेवढ्यात मागून बाई गळ्यानं तोच सूर धरून ठेवायच्या. इतका बेमालूम, की लोक दादाच्या न तुटणाऱ्या दमाचं तोंड फाटेस्तोवर कौतुक करायचे. पाच वर्षं हे चाललं. मग एका कार्यक्रमानंतर कुणीतरी दादाला विचारलं, "मागे गाणारी मुलगी कोण हो?"

त्यानंतर दहा दिवसांत दादानं रेडिओच्या नोकरीचा अर्ज घरी आणला. "तुझा आवाज बोलायचा आहे गं. गाण्याचा वेगळा असतो," तो म्हणाला. अर्जाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात नियम होता: निवेदकाला नोकरीत असेपर्यंत रेडिओवर गाता येणार नाही. दादानं तो वाचला होता. बाईंनीही वाचला होता.

"मग सही का केलीत?" मी एकदा विचारलं.

"दादा होता ना माझा," त्या म्हणाल्या, आणि कप उचलून माइककडे गेल्या.

दादा आमच्याच केंद्रावर गायला यायचा. बाई काचेपलीकडून जाहीर करायच्या: आता ऐकूया अमुक, गायक आहेत तमुक. मागून धरायला कुणी नव्हतं, तेव्हा दादाचा दम दर दोन ओळींनी तुटायचा आणि माझ्यासमोरचा आवाज मोजणारा काटा झोपायचा. बाई त्या काट्याकडे बघत बसायच्या. चार वर्षांत दादाचं गाणं आटोपलं. बाईंना वाईट वाटलं असेल. चेहऱ्यावर तरी मला दिसलं नाही.

नोकरीत बाईंनी काय केलं नाही ते विचारा. बातम्या वाचल्या, मुलाखती घेतल्या, संगीतिका लिहिल्या, मुलांच्या कार्यक्रमासाठी शंभरएक गाण्यांना चाली लावल्या. चाल गायिकेला समजावी म्हणून त्या आधी मला गुणगुणून दाखवायच्या. माइक बंद असायचा. म्हणजे बाईंचं गाणं त्या सगळ्या वर्षांत ऐकलं ते मी एकट्यानं, आणि ज्या गायिका ती चाल मग रेडिओवर गायच्या त्यांच्यापेक्षा ते दहापट चांगलं होतं. हे मी त्यांना कधी बोललो नाही. माझ्या स्तुतीवाचून त्यांचं काही अडलं नसतं.

लाल दिवा म्हणजे त्यांना हुकूम. स्टुडिओत दिवा लागला की माइक चालू आहे, आणि चालू माइकसमोर शांतता म्हणजे निवेदकाच्या दृष्टीनं पापच. एकदा नाट्यगृहातून येणारी लाइन तुटली, तर बाई अकरा मिनिटं हातात कागदाचा कपटा नसताना बोलल्या आणि ऐकणाऱ्यांना काही बिघडलंय याचा पत्ताही लागला नाही. दिवा आणि जीभ यांच्यामध्ये त्यांचं डोकं उरलंच नव्हतं.

आणि त्या लिहायच्या. दर रविवारी वर्तमानपत्रात 'शेवटच्या रांगेतून' नावाचं सदर यायचं. खाली टोपणनाव, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं कोण लिहितं ते. सभागृहात दाराजवळची शेवटची खुर्ची त्यांची. मांडीवर वही, नजर समोर, आणि अक्षरांकडे न बघता हात चाललेला. त्या हाताचा गायक मंडळींना धसका होता. एका नावाजलेल्या गवयाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'यांना श्रोत्यांची इतकी काळजी, की कुणाचीही झोप मोडू नये म्हणून ते बेतानंच गातात.' आम्ही कँटीनमध्ये ते वाक्य पाठ म्हणून हसायचो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसायचो.

मग माझ्या बायकोचा पहिला कार्यक्रम झाला. ती बारा वर्षं शिकली होती. वाचनालयाचा हॉल, ऐंशी खुर्च्या, त्यातल्या सत्तर भरलेल्या. मीच माइक लावला. बाई शेवटच्या रांगेत येऊन बसल्या तेव्हा मी म्हटलं, एवढी वर्षं बरोबर काम केलंय, एवढं तर सांभाळतील.

रविवारी छापून आलं: 'मध्यंतरातला चहा फार सुरेख होता. मध्यंतर आणखी तासभर लांबलं असतं, तर कार्यक्रम यशस्वी झाला असं बेधडक लिहिता आलं असतं.'

बस्स. दोन वाक्यं. बायकोनं पेपर घडी करून रद्दीत ठेवला आणि पेटी पलंगाखाली सरकवली. कँटीनमध्ये महिनाभर कुणी काही लांबवायला लागलं की म्हणायचे, "अरे, मध्यंतर करा, मध्यंतर!" मी आलो की गप्प व्हायचे, ते आणखी झोंबायचं.

सोमवारी बाई आल्या. पर्स ठेवली, हेडफोन घेतला आणि म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. तुझी बायको म्हणून हात आखडता घेतला मी."

मी दिवा लावला. पुढची चौदा वर्षं मी त्यांना मिनिटं दाखवत राहिलो, आणि दर रविवारी ते सदर वाचताना दात-ओठ खात राहिलो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांना फुलं दिली, घड्याळ दिलं, साहेबांनी भाषण केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाई पुन्हा ऑफिसात हजर. कारकुनाला वाटलं, सवयीनं आल्या. त्यांनी खिडकीतून एक कागद आत सरकवला. गायिका म्हणून ऑडिशनचा अर्ज होता तो. नोकरी संपली, नियम संपला. वाट बघायला त्यांनी एक रात्र तेवढी घेतली.

रेडिओवर स्वतःच्या नावानं एक गाणं. बाईंना आयुष्यात एवढंच हवं होतं, हे त्या दिवशी सगळ्या केंद्राला कळलं. मला आधीच कळायला हवं होतं.

आमच्याकडे ऑडिशनची रीत अशी. उमेदवाराला नाव नसतं, क्रमांक असतो. क्रमांक मी टेपवर बोलायचा, उमेदवारानं थेट गायला सुरुवात करायची. टेप दुसऱ्या शहरात परीक्षकांकडे जाते. कुणाचा वशिला लागू नये म्हणून परीक्षकांना कोण गातंय ते कळता कामा नये. टेपवर उमेदवारानं स्वतःचं नाव घेतलं की ती बाद, पुढचं गाणं ऐकतसुद्धा नाहीत. आता घाबरलेली माणसं नाव घेतातच. "नमस्कार, मी अमुक," असं तोंडातून निघून जातं. तसं झालं की मी टेप थांबवायचो, मागे न्यायचो आणि स्पीकरवरून म्हणायचो, "पुन्हा." शेकडो जणांना मी असं पुन्हा दिलंय. एका गृहस्थांनी तीनदा आपलं नाव घेतलं आणि चौथ्यांदा आईचं, त्यांनाही दिलं. करा असा नियम नव्हता, करू नका असाही नव्हता. ते माझ्या हातात होतं.

बाईंचा क्रमांक सतरा. सकाळचे अकरा, दोन नंबरचा स्टुडिओ. केंद्राचाच पेटीवाला साथीला. बाईंनी चष्मा काढून ठेवला, माइक स्वतःच दोन बोटं मागे सरकवला, माझ्याकडे बघून मान हलवली. मी म्हणालो, "सतरा," आणि लाल दिवा लावला.

बाई माइककडे झुकल्या. "आता सादर होत आहे भावगीत. गायिका आहेत..." आणि स्वतःचं पूर्ण नाव. "संगीत त्यांचंच. पेटीची साथ करत आहेत..." पेटीवाल्याचंही नाव. मग त्या सरळ बसल्या आणि गायला लागल्या.

आपण काही बोललो हे त्यांना कळलंच नव्हतं. एकोणतीस वर्षं दिवा लागला की जे केलं तेच जिभेनं केलं होतं.

पेटीवाल्यानं डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. माझं बोट थांबवायच्या बटणावर होतं. 'पुन्हा' जिभेवर होतं. मी बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. मला फार बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं, अगदी छातीपर्यंत.

मग त्या बारा मिनिटं गायल्या. मी त्या खुर्चीत जन्म काढला, मोठमोठी माणसं टेपवर घेतली, पण तसं काही घेतलं नाही. आवाज तरुण नव्हता. भरलेला होता, आणि एकही सूर उसना नव्हता. वरचा सूर त्यांनी इतका सहज धरून ठेवला की पेटीवाला वाजवायचं विसरून ऐकत बसला.

दिवा विझला. त्या बाहेर आल्या, कपाळाला घाम. "कसं झालं रे?"

"छान झालं, बाई."

"काही राहिलं नाही ना? वाटलं तर पुन्हा घेऊ."

"नाही. काही राहिलं नाही."

"तू म्हणतोस म्हणजे झालं," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

अजूनही वेळ होती. टेप कापायचं ब्लेड टेबलावर होतं. सुरुवातीचा नावांचा तुकडा कापायचा, 'सतरा' पुन्हा बोलून जोडायचं, पाच मिनिटांचं काम. पेटीवाला दारात घुटमळला. "कापताय ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही जा, उशीर होईल तुम्हाला." टेप डब्यात घातली, डब्यावर सतरा लिहिलं.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती इस्त्री करत होती.

"ब्लेड नव्हतं का?" तिनं विचारलं.

"होतं की."

"गायल्या कशा?"

"फार सुंदर."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "मग यात माझं नाव घालू नका. त्यांनी लिहिलं ते काही खोटं नव्हतं. माझा आवाज त्या दिवशी लागलाच नव्हता. अजून टेप गेली नसेल ना? उद्या जा आणि कापा."

टेपा घेऊन जाणारी गाडी दुसऱ्या दिवशी बाराला निघायची. मी साडेनऊला पोचलो होतो. डबा समोर होता, दोनदा उघडलाही. पण बायकोचाच कैवार घेऊन मी हे केलं आणि तीच मला शहाणपण शिकवते, याचा राग आला. बाराला ड्रायव्हर आला, त्यानं सही घेतली आणि डबे उचलले.

चार महिन्यांनी निकाल आला. क्रमांक सतरा: ओळख उघड केल्यामुळे विचार केला नाही. पुन्हा अर्ज दोन वर्षांनंतर.

बाई कागद घेऊन तडक माझ्या खोलीत आल्या. "कुणीतरी गाढवपणा केलाय. टेप लाव." टेप परत आलेली होती. मी लावली. त्यांचाच आवाज खोलीत आला, त्यांचंच नाव घेऊन. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मी बंद करायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे." पूर्ण बारा मिनिटं ऐकलं.

"ब्लेड कुठं ठेवतोस हल्ली?"

"तिथंच, टेबलावर."

"हं," त्या म्हणाल्या. मग, "का रे?"

मी सांगितलं. वाचनालयाचा हॉल, सुरेख चहा, लांबलेलं मध्यंतर. चौदा वर्षं तोंडपाठ असलेली दोन वाक्यं मी त्यांना त्यांच्याच थाटात म्हणून दाखवली. मला वाटलं, आता बाईंचा चेहरा पडेल.

"हे मी लिहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच."

त्यांनी आठवून बघितलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. "वाक्य बरं आहे," त्या म्हणाल्या. "'बेधडक' नको होतं. त्यानं वजन जातं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. एवढं सगळं मी ज्यांच्यासाठी जपलं, त्या बाई एक शब्द खोडून मोकळ्या झाल्या होत्या.

जाताना त्या दारात थांबल्या. "या आवाजाला फार तर वर्ष आहे. दोन नाहीत. मी इतके गळे जाताना ऐकलेत, माझा मला कळणार नाही?" हे त्यांनी दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं सांगितलं. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

परत आलेल्या टेपा पुसून पुन्हा वापरायच्या, ही आमची रीत. पुढच्या आठवड्यात यादी आली, मी वीस टेपा पुसल्या. त्यात सतरा नंबरची होती. हे मी मुद्दाम केलं नाही, शपथेवर सांगतो, सवयीनं झालं. तिच्यावर 'दातांची निगा' या विषयावरचं एका डॉक्टरांचं भाषण घेतलं.

दोन वर्षं आणि एक दिवस झाला, तेव्हा बाईंचा दुसरा अर्ज आला. या वेळी क्रमांक नऊ. बाई आल्या त्या हळू, कठडा धरून जिना चढत. मी "नऊ" म्हणालो, दिवा लावला. बाईंनी तोंडावर हात दाबून धरला होता. पेटी सुरू झाली तेव्हाच त्यांनी हात काढला, आणि गायल्या.

वरच्या सुरावर आवाज फाटला. मी टेप थांबवली. "पुन्हा, बाई."

पुन्हा फाटला. मी पुन्हा दिलं. पाणी पाठवलं, दहा मिनिटं बसवलं, पुन्हा दिलं. सहाव्यांदा मी म्हणालो, "खालच्या पट्टीत घेऊया का? कुणाला कळत नाही."

"मला कळतं," बाई म्हणाल्या. "पट्टी हीच. आणि आता मधे थांबवू नकोस. मला पूर्ण गाऊ दे."

त्या पूर्ण गायल्या, फाटत, सावरत, पुन्हा फाटत. पेटीवाला खाली मान घालून वाजवत राहिला. मी काट्याकडे बघत राहिलो.

निकालाचा छापील कागद या वेळी पाच महिन्यांनी आला. त्यावर चार चौकटी असतात, लागू असेल तिथे खूण करायची. तिसऱ्या चौकटीत खूण होती: आवाज प्रसारणयोग्य नाही.

बाईंनी तो माझ्याच खोलीत उघडला. चष्मा लावून वाचला, पालथा करून मागची बाजूही बघितली.

"बाई, मला माफ करा," मी म्हणालो.

"कशाबद्दल? निकाल बरोबर आहे. मी असते तर हेच लिहिलं असतं." त्यांनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. मग खुर्चीच्या पाठीला धरून माझ्याकडे बघितलं. "माफी मागायची तर बायकोची माग. बारा वर्षं शिकली होती म्हणालास ना? पहिला कार्यक्रम सगळ्यांचाच पडतो रे. तिनं दुसरा करायला हवा होता. तू म्हणालास कधी तिला, की आणखी एक कर म्हणून?"

मी कधीच म्हणालो नव्हतो. सोळा वर्षांत एकदाही नाही.